बिनडोक्याची अक्षरं

भावानं हातोडा उचलला तेव्हा बहिणीला वाटलं, हा आता आपल्यालाच मारणार. त्यानं मारलंही, पण कोपरानं. तिचा ओठ फाटला आणि ती मागच्या कपाटावर जाऊन आदळली. वरचा कप्पा निसटून छपाईचे शिशाचे खिळे गारांसारखे तिच्या डोक्यावर पडले.

भांडण अक्षरांवरून होतं. असल्या कारणावरून एकमेकांचं रक्त काढणारं घर दुसरं नसेल. वडील ठसे कोरायचे. पोलादाची बोटभर कांडी, तिच्या टोकावर एक उलटं अक्षर. ठशावरून साचा, साच्यातून खिळा. वडिलांची कानस बहिणीकडे आली आणि भट्टी भावाकडे. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून तिनं शिरोरेषेशिवायचं नवं वळण कोरलं होतं. आज ते भावानं ओतायचं होतं. कागदावरचा नमुना पाहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अप्पांच्या अक्षरांची मुंडकी उडवलीस तू," तो म्हणाला. "यातलं एकही शिल्लक ठेवणार नाही."

तिच्या मेजावरची लाकडी पेटी त्यानं ऐरणीशेजारी उपडी केली आणि हाताला येईल तो ठसा ठेचायला लागला. तापवून पाणी दिलेलं पोलाद वाकत नाही, तुकडे होऊन उडतं. 'क' गेला, 'म' गेला. बहिणीनं कानशीचं टोक त्याच्या दंडात खुपसलं. तो ओरडलासुद्धा नाही. तिचं मनगट धरून त्यानं असं पिरगाळलं की आतलं हाड कट्कन वाजलं. तोच तिचा कोरायचा हात. ती खाली बसली, तो परत ऐरणीकडे वळला. चौथा ठसा फुटून तिच्या गुडघ्याशी आला. तिनं तो डाव्या हातानं उचलला. कांडीच्या कुशीवर, बाजूला, दोन खाचा होत्या.

ती वडिलांची खूण. तिचे स्वतःचे ठसे वरच्या फळीवर डब्यात सुखरूप होते. ही पेटी वडिलांच्या अगदी पहिल्या ठशांची, भाऊ भट्टीवर यायच्या कितीतरी आधीची. तेव्हा शिरोरेषा वेगळ्या पितळी पट्टीनं जोडत, म्हणून ही अक्षरंही बिनडोक्याचीच. बघ, अप्पांनीही असंच कोरलं होतं, हे भावाला दाखवायलाच तिनं सकाळी पेटी काढली होती. मारामारीत ते तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

एक शब्द बोलली असती तरी हातोडा थांबला असता. पण हात लोंबत होता, तोंडात रक्त होतं. ती मूग गिळून बसली. भाऊ बापाच्या अक्षरांचा कपाळमोक्ष करत राहिला, ती बघत राहिली. आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

शेवटी 'ज्ञ' फुटला. भाऊ धापा टाकत म्हणाला, आता बस परत कोरत.

"कूस बघ त्याची," ती म्हणाली.

त्यानं तुकडा उचलला. अंगठा खाचांवर फिरला आणि तिथंच अडकला. या खाचा तो लहानपणापासून ओळखत होता. तो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागला, एकमेकांना लावून बघायला लागला. मग त्याचं लक्ष तिच्या डाव्या मुठीकडे गेलं.

"तुला कधी कळलं?"

"चौथ्याला."

पेटीत अठ्ठेचाळीस होते.