अंड्यांचे खळगे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दारात अंड्यांसाठी खळगे होते. घर मिळालं जैनांचं. त्या खळग्यांनी अंडं कधी पाहिलंच नाही. आल्या दिवशी रत्नाबाईंनी मला कुंकू लावलं, पेठभर माझं कौतुक सांगितलं. पुढे रंग उडाला, दाराचं रबर सैल झालं आणि मी घरघरण्यापुरता उरलो.

रत्नाबाईंना संधिवात जडला. बोटं बाभळीच्या फांदीसारखी वाकडी झाली. कुणीतरी वाताची पांढरी पुडी सुचवली. दुखणं पळालं, तोंड मात्र सुजलं. मुलगा वृषभ ओरडेल म्हणून पुड्या अंड्यांच्या खळग्यांत लपल्या. तिथं कोण हात घालणार?

मग मोठ्या डॉक्टरांचं बायोलॉजिक, म्हणजे संधिवाताचं नवं, महागडं इंजेक्शन आलं. त्याला दह्याशेजारी मानाची जागा मिळाली. सून आदिती म्हणाली, "आई, डॉक्टर विचारत होते, पुड्या-बिड्या घेत नाही ना? त्यात स्टेरॉइड असतं. ताणाला तोंड द्यायचं हार्मोन बाहेरून आयतं मिळालं की शरीर ते करायचं सोडतं. इंजेक्शननं सांध्यांची सूज उतरली की पुडी हळूहळू कमी करता येते, पण एकदम तोडायची नाही, जिवावर बेततं."

"मी कशाला घिऊ गं? काय तरीच तुझं!" रत्नाबाई माझ्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

इंजेक्शननं गुण आला. हात-गुडघे मोकळे झाले, तशी त्यांनी कैक वर्षांनी दशलक्षण पर्वाचे दहा दिवसांचे उपवास धरले. तोंडात फक्त पाणी. पुडीही बंद. एरवी पुडी चुकली की सांधे बोंब मारायचे. आता इंजेक्शननं सांध्यांचं तोंड बंद केलं होतं. चौथ्या दिवशी ओकारी झाली, अंग गार पडलं. इस्पितळात म्हणे विचारलं, "स्टेरॉइड चालू होतं का?" वृषभनं छातीठोकपणे सांगितलं, "नाही."

रत्नाबाई परत आल्या नाहीत.

भेटायला आलेले म्हणाले, "उपवासात गेली, पुण्यवान बाई." कुणी म्हणालं, "त्ये भारी इंजेक्शनच बाधलं." उरलेलं इंजेक्शन कचऱ्यात गेलं. शेजारच्या धोंडुबाई दूध ठेवायला आल्या. त्यांचा हात खळग्यांत गेला.

"आदिती, ह्या वाताच्या पुड्या न्हवं? रत्नाक्का सांगायची. न्हिऊ का? माझं गुडघं लई धरल्यात बघ."

आदितीचं रडून डोकं बधिर झालं होतं. तिनं न बघताच मान हलवली.

मी जिवाच्या आकांतानं घरघरलो. वृषभ म्हणाला, "हा फ्रीज पण आता बदलायला झालाय."

बदला, मित्रांनो, माझी तक्रार नाही. फक्त घरात कोण काय गिळतंय ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि कुणीतरी धोंडुबाईंना गाठा. त्यांना गुण येऊ लागलाय.