उठलं की संपलं

ओळीचा नववा दिवस होता आणि मी डोंगर चढत होते. दादी सकाळपासून कुरकुरत होती, की आठ आयंबिलं झालेल्या मुलीनं घरी बसून माळ जपावी, हिला कसले डोंगर सुचतात. पण गेल्या वर्षापर्यंत शाळेच्या जिन्यावर धापा टाकणारी मी आता वैजयंतीताईच्या रविवारच्या चालण्यात सगळ्यांच्या पुढं असते. ते काय घरी बसून दिसणार होतं?

आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही उकडलेले मूग आणि कोरडी भाकरी. तूप, तेल, दूध, गूळ काही नाही. मी तर मीठही सोडलं होतं. पाणी उकळलेलं, आणि तेही सूर्य मावळेपर्यंतच. जेवायचं एका जागी बसून. उठलं की संपलं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत घास नाही. अशी नऊ झाली की ओळी पूर्ण. माझ्या काकांच्या पीयूषनं दोन वर्षांपूर्वी ओळी धरली होती. पाचव्या दिवशी आळेफाट्याच्या स्टँडवर वडापाव खाताना त्याला काकांनीच पकडलं. वर बटाटा, जो आमच्या जैन घरात एरवीही चालत नाही! तेव्हापासून घरात ओळीचा विषय निघाला की सगळे त्याच्याकडे बघतात. आणि आज मी पूर्ण करणार होते.

आम्ही चौघंच होतो. कॉलेजात जाणारी वैजयंतीताई, माझ्या वर्गातला सार्थक, पीयूषभैया आणि मी. डिंगोऱ्याला बसमधून उतरलो आणि झेंडूच्या शेतांच्या कडेनं चढाला लागलो. दसऱ्याला फुलं तोडून झाली होती, तरी उरलेल्यांनी बांध पिवळा दिसत होता. बाजरी काढून कणसं खळ्यावर पडलेली. गवत वाळायला लागलेलं, आणि ऊन असं, की सार्थक म्हणाला हे ऑक्टोबरचं नाही, सुडाचं ऊन आहे. मी बडबडत होते आणि पुढं होते. पाय हलके होते, थोडे जास्तच हलके.

दुपारी एका सपाट कातळावर बसलो. बाकीच्यांनी पिठलं-भाकरी सोडली. मी डबा उघडला, नवकार म्हटला आणि पहिला घास घेतला. भुकेला मीठ लागत नाही, हे मला त्या आठवड्यातच कळलं. दुसरा घास घेतला. तिसरा हातात होता, तेवढ्यात सार्थक ओरडला, "चेतना, मागं साप!"

मी उभी राहिले. उभी राहून, चार पावलं पळून, मग वळून पाहिलं. मागं कातळ होता. आणि पीयूषचा मोबाईल माझ्याकडं रोखलेला होता, हात अगदी स्थिर. साप दिसल्यावर कुणाचा हात असा स्थिर राहत नाही. तो सार्थकच्या ओरडण्याआधीपासून वर होता.

सार्थकला उठण्याचा नियम माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याला ते सांगणारा तिथं एकच होता.

पीयूष इतका हसला, की त्याला ठसका लागला. वैजयंतीताईला आधी काही कळेना. कळल्यावर ती म्हणाली, असू दे गं, बस परत, इथं कोण बघतंय. सार्थकचं तोंड मात्र उतरलं. मी त्याला सांगितलं, की खरा साप निघाला तर उठून दुसरीकडं बसायची मुभा असते, दादीच सांगते तसं. मग विचारलं, "साप होता का?"

त्यानं पीयूषकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "व्हता की. धामण व्हती. लई मोठी."

त्या वेळी मला साप हवा होता. आयुष्यात कुठलीच गोष्ट मला इतकी हवी नव्हती. डब्यातल्या मुगांचा वास येत होता. उकडलेल्या मुगांना वास असतो, हे कुणाला सांगून पटणार नाही.

"भैया, तू सांग," मी म्हटलं. "होता?"

"तू म्हणशील तर होता." त्यानं डोळे पुसले. "खा ना. मग आपण दोघं सारखे."

मी डब्याचं झाकण लावलं. मग परत काढलं आणि डबा त्याच्यापुढं ठेवला.

"उष्टं टाकायचं नसतं," मी म्हटलं. "संपव."

तो म्हणाला, त्याचं पोट भरलंय. मी म्हटलं, मी दादीला काही सांगायला नको असेल तर संपव. मग सार्थकला म्हटलं, याचा मोबाईल घे आणि आता याचा व्हिडिओ काढ. सार्थकनं घेतला. पीयूषनं बिनमिठाचे मूग खाल्ले, कडक झालेली भाकरी तोडून तोडून खाल्ली, आणि मी बोट दाखवल्यावर, आयंबिलाचं ताट धुऊन पितात तसं, डब्यात पाणी घालून, विसळून ते प्यायला. दोनदा त्याला उमळून आलं. वैजयंतीताई म्हणाली, पुरे की आता. मी म्हटलं, कडेला एक मूग राहिलाय.

मला मजा आली. पोटात दोन घास होते, तरी.

उतरताना मी कुणाला हात दिला नाही. पीयूष दोनदा म्हणाला, सॅक दे. मी पुढंच चालत राहिले. एका बांधावर डोळ्यांपुढं काळं आलं, तर तिथं सोनकीची फुलं बघत असल्यासारखी वाकून उभी राहिले. बसमध्ये उकळलेल्या पाण्याचा शेवटचा घोट घेतला, तेव्हा ऊन अजून खिडकीच्या काठावर होतं. घरापाशी पीयूष हळूच म्हणाला, "तू काही सांगणार नाहीस, कबूल केलंयस."

"कबूल," मी म्हटलं.

दादी ओट्यावरच बसली होती. शेजारी आत्या, काकू, आणि पारण्यासाठी गावाहून आलेली पाहुणी मंडळी. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "पोटभर जेवलीस ना गं? किती उतरलीस."

मी काही सांगितलं नाही. "पीयूषला विचार," म्हटलं, आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसले. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.