दुधाचा सुळा

“पंधरा पुरी झाली बगा,” भीमाने टेबलासमोर उभ्या उभ्या सांगून टाकलं आणि मातीने भेगाळलेले हात पदराखाली घेतले.

शाळेच्या माधवीबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी भीमाकडे पाहिलं, मग तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या सुप्रियाकडे. पोरगी उंच होती खरी.

“अहो, आमची शाळा सातवीपर्यंत. पंधरा वर्षांच्या मुलीला मी कुठं बसवू? दुसरीनंतर शाळा सुटलीय म्हणता, तर हायस्कूलवाले तरी कसे घेतील?”

भीमाचा सगळा खटाटोप पाण्यात गेला. सकाळी पोरीच्या केसांना तेल लावलं होतं, घट्ट दोन वेण्या घातल्या होत्या, एक दिवसाचं काम बुडवलं होतं. आणि वय विचारल्याबरोबर तोंडात जे बसलं होतं तेच बाहेर पडलं होतं. ह्या मेल्या जिभेला काय म्हणावं?

दोष एकट्या जिभेचाही नव्हता. कन्हेरी गावाच्या अलीकडे वीटभट्टीवर भीमा आणि तिचा नवरा दोन हंगाम राबत होते. थापलेली वीट उन्हात सुकून जरा आवळली की कुशीवर करायची असते. ओळीओळींतून हलक्या पावलाने फिरायचं ते काम. मोठ्या माणसाचा पाय पडला की वीट गेलीच म्हणून समजा. ते सुप्रियाकडे आलं. मुकादम सावळाराम तात्यांनी पहिल्याच दिवशी दोघी मायलेकींना पढवून ठेवलं होतं, सरकारी जीप आली आणि कुणी वय विचारलं तर पंधरा म्हणायचं. चौदाच्या आतलं पोर कामावर दिसलं की भट्टीला टाळं लागतं. तेव्हापासून सुप्रिया पंधराची होती. गेल्या वर्षीही पंधरा, यंदाही पंधरा.

तशी भीमाची तक्रार नव्हती. पोरगी डोळ्यांसमोर होती, दोन वेळचं पोटभर होतं. पण मागच्या आठवड्यात सुप्रिया शाळेजवळच्या नळावर पाण्याला गेली ती येईचना. भीमा रागारागाने बघायला गेली, तर कळशी भरून वाहतेय आणि ही बया खिडकीखाली दगडावर चढून वर्गातल्या पोरांबरोबर तेराचा पाढा म्हणतेय. भीमाचा राग तिथंच विरघळला. तिने नळ बंद केला आणि पाढा संपेपर्यंत उभी राहिली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

“तुझं वय किती गं?” बाईंनी आता पोरीलाच विचारलं.

“पंधरा,” सुप्रियाने खणखणीत सांगितलं. पढवलेलं ती कधी विसरत नसे.

भीमाने डोळे मिटून घेतले. संपलंच म्हणायचं आता.

“आणि तोंडात काय आहे? शाळेत गोळ्या चघळायच्या नाहीत.”

“गोळी न्हाय, बाई. दात हलतोय.”

“दाखव बघू.”

सुप्रियाने आ केला. बाईंनी चष्मा वर सारून आत डोकावलं, एका बोटाने दात हलवून पाहिला आणि चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग त्या भीमाकडे वळल्या.

“दुधाचा सुळा आहे हा. माझ्या धाकटीचा आत्ता दिवाळीत पडला. ती पाचवीत आहे.”

भीमा खाली फरशीकडे बघत राहिली. खरं सांगावं तर भट्टीवर जीप, खोटं सांगावं तर शाळा बंद. तात्यांनी दोन वर्षं जीव तोडून पढवलेलं एका हलत्या दाताने पार उघडं पाडलं होतं.

“बाई, खरं सांगितलं तर तुमी जीपवाल्यांना कळवाल,” ती हळूच म्हणाली.

“पोरगी वर्गात बसल्यावर जीपवाल्यांना मी काय कळवू? पण ती रोज आली पाहिजे. नाही आली, तर मी स्वतः भट्टीवर येईन.”

भीमाने मोठा श्वास घेतला.

“पळसदेवचं देऊळ उघडं पडलं त्या उन्हाळ्यातली हाय. धरणाचं पाणी पार आटलं हुतं बगा. सारा गाव देऊळ बगाया गेला आन् मी हिला घिऊन बाजंवर.”

“कितव्या वेळचं म्हणता? ते तर मधूनमधून दिसतंच.”

“नुसतं शिखर न्हवं. लोक चालत पायऱ्यांपतुर गेलं त्या साली.”

बाई हसल्या. “मी पण चालत गेले होते. थोरली कडेवर होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलात.” त्यांनी बोटांवर वर्षं मोजली, एकदा थांबून पुन्हा मोजली. “अकरा. सुप्रिया, तू अकराची आहेस. पाचवीत बसायचं. राहिलेलं मी भरून घेईन.”

सुप्रियाने आईकडे पाहिलं. आईने मान हलवल्यावर ती हसली आणि जिभेने पुन्हा सुळा हलवू लागली.

विटा फिरवायचं काम भीमाने आपल्याकडे घेतलं. पहिल्या दिवशी चार विटा तुडवल्या, दुसऱ्या दिवशी दोन. तात्या कुरकुरले, पण भीमाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पंधरा-वीस दिवसांनी जीप आली. तात्यांनी लांबूनच खाकरून इशारा दिला. साहेब विटांच्या ओळींपाशी येऊन उभे राहिले.

“बाई, इथं चौदा वर्षांच्या आतलं कुणी आहे का?”

पंधरा हा शब्द भीमाच्या जिभेवर येऊन बसलाच होता. तिने तो गिळला आणि कंबर सरळ केली.

“हाय की. माजी पोरगी. अकरा वर्साची.”

तात्यांचा चेहरा उतरला. साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

“कुठं आहे ती?”

“शाळंत. पाचवीत हाय,” भीमा म्हणाली आणि खाली वाकून पुढची वीट कुशीवर केली.