वाळूतल्या चार खळ्या

आमच्या गल्लीत माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. समोरची फिलिस आपल्या पायरीवरच्या सिमेंटच्या बदकाला सणावाराला कपडे घालते. त्या बदकाला ईस्टरच्या सकाळी माझी लांब चड्डी घालणारा मीच होतो. पाद्रीबुवांच्या गाडीत पुढच्या सीटवर जिवंत टर्की बसवून तिला पट्टा बांधणाराही मीच. असल्या माणसाने उद्या घराला आग लागल्याची बोंब ठोकली, तरी लोक आधी हसतील, मग खिडकीतून बघतील. त्यामुळे हे मी कुणाला सांगत बसलेलो नाही. लिहून ठेवतोय एवढंच, आणि तेही आठवीपर्यंत शिकलेल्या हाताने. अक्षराला हसायचं असेल त्याने हसून घ्यावं.

गेल्या पानगळीत माझी बायको लव्हॉन कपडे वाळत घालायला गेली आणि हिरवळीतल्या एका खळग्यात पाय मुरगळून पडली. मनगट मोडलं. आमची मुलगी जॅनेल शहरातून आली, आईच्या प्लास्टरवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, अजून एकदा ही पडली ना, तर वृद्धाश्रमात खोली घ्यायची. दोघांना. मे अखेरच्या सुट्टीला मी येणार आहे, तेव्हा हे अंगण बघीन आणि मगच ठरवीन."

"माझी आई होतीस का गं तू मागल्या जन्मी?" मी म्हणालो.

"विषय बदलू नका," ती म्हणाली.

 मागच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत पंचावन्न पावलं आहेत. एकोणपन्नास वर्षं लव्हॉन रोज सकाळी ती पावलं चालत आली आहे. आमच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र आहे, पण त्यातून काढलेल्या चादरीला कसलाच वास नसतो, असं तिचं म्हणणं. त्या पंचावन्न पावलांशिवाय लव्हॉन ही लव्हॉन राहणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि तिला माझ्याआधीपासून.

आता डेलमरबद्दल सांगायला हवं. शेजारचं घर त्याचं. तीनशे पौंडांचा देह, आणि अक्कल सगळी खोड्यांत. आमचा नियम होता, एक खोडी त्याची, एक माझी, पाळीपाळीने. मी झटपट करणारा; तो सावकाश. एका वर्षी माझी टपालपेटी तो दर आठवड्याला अंगठाभर सरकवत गेला, आणि नाताळापर्यंत ती त्याच्या दारासमोर जाऊन उभी राहिली, तोवर मला पत्ता नाही! रोज दुपारी कुंपण नसलेल्या आमच्या हद्दीवर, दोरीच्या खांबाजवळ, आम्ही समोरासमोर बसायचो, तो माझ्या जमिनीवर आणि मी त्याच्या, म्हणजे दोघेही पाहुणे आणि उठून कॉफी आणायची जबाबदारी कुणाचीच नाही. ती लव्हॉन आणायची. हाका मारायची आमच्यात पद्धत नव्हती. ज्याला सोबत हवी असेल त्याने आपली खुर्ची टाकायची आणि समोर दुसरी रिकामी मांडायची. समोर रिकामी खुर्ची मांडलेली दिसली की ते बोलावणं, आणि बोलावणं मोडायचं नाही. ताप असला तरी कांबळं गुंडाळून यायचं. आणखी एक रीत होती, घराच्या बाजूला खुर्ची पुढे न्यायची ती यजमानाने म्हटल्यावरच.

फेब्रुवारीत डेलमर झोपेतच गेला. त्याची ओकची जाड पायांची खुर्ची त्याचा मुलगा ट्रकात घालून टेक्ससला घेऊन गेला. खोडीची पाळी डेलमरची होती.

मे उजाडला तशी मी वाळू मागवली, ज्या खाणीवर एकतीस वर्षं ट्रक चालवला तिथूनच, चाळलेली, बारीक. आमच्याकडची जमीन हिवाळ्यात गोठून फुगते आणि वसंतात मनाला येईल तिथे खाली बसते, म्हणून तिला समजावत समजावत सपाट करावी लागते. गवत अगदी बुडापर्यंत कापायचं, ढकलगाडीने वाळूचे लहान लहान ढीग घालायचे, मग जुन्या पलंगाची लोखंडी स्प्रिंगची जाळी दोरीने ओढत सगळीकडे फिरवायची आणि खराट्याने झाडून गवताची टोकं वर काढायची. एका वेळी अर्ध्या बोटाहून जाड थर द्यायचा नाही, नाहीतर गवत खालीच गुदमरतं. मला जाळी ओढताना बघून फिलिस रस्त्यापलीकडून ओरडली, "मर्ल, अखेर तुला बैलाच्या जागी जुंपलं वाटतं लव्हॉननं!"

"ये ना, दुसरी जागा रिकामी आहे," मी ओरडलो.

संध्याकाळी पाणी मारलं, फळी टाकून तिच्यावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप घेऊन कौतुक करायला गेलो, तर हद्दीजवळ, दोरीच्या खांबापाशी, वाळूत चार खळ्या. चौकोनात. प्रत्येक मुठीएवढी रुंद, करंगळीएवढी खोल, आणि आतलं गवत एका दिशेला दाबलेलं, दुपारभर कुणी बसून उठल्यावर असतं तसं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत डेलमरखेरीज गल्लीतल्या आणखी कुणालातरी माझी खोडी काढायची हिंमत झाली. मी फिलिसकडे जाऊन तिच्या बदकाशी हात मिळवला. फिलिस म्हणाली, "गोळ्या घेतल्यास का आज?" खळ्या भरल्या, खराटा फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच चार. पुन्हा भरल्या. वाळूचा स्वभाव मला माझ्या स्वभावापेक्षा जास्त कळतो. भरलेला खड्डा बसतो तो कडेने, मध्ये जरा बशीसारखा होऊन. या खळ्यांच्या कडा उभ्या होत्या. वजनाने पडलेल्या.

पाचव्या दिवशी मूर्खपणा माझाच. पाण्याची नळी वाटेत आडवी टाकून मी आत गेलो, आणि लव्हॉन चादरींची टोपली घेऊन बाहेर पडली. खिडकीतून मला दिसलं तेव्हा तिचा पाय अडकलेला होता, टोपली उडालेली होती. दारापर्यंत पोचायला मला जे चार क्षण लागले ते मी कुणाला देऊ केले तरी कुणी घेणार नाही. बाहेर आलो तर लव्हॉन दोरीच्या खांबाजवळ बसलेली. पडलेली नाही, बसलेली. पाठ ताठ, हात मांडीवर, चर्चमध्ये बसते तशी, फक्त खाली काही नाही, गवत. आणि हसतेय.

"लागलं का गं कुठे?"

"कुणीतरी बसवलं मला," ती म्हणाली. "खांद्याला धरून. आधी उंच बसले होते, मग सावकाश खाली आले."

"डोकं आपटलं नाही ना?"

"तुझंच बघ आपटलंय का. नळी कुणी टाकली?"

मी तिला उठवली, घरात नेऊन बसवली, आणि चादरी गोळा करायला परत गेलो.  इतकं भरून आलं होतं की कुणाचे तरी आभार मानल्याशिवाय ते बाहेर पडलं नसतं, आणि पाद्रीबुवांच्या देवाशी माझं टर्कीपासून जरा बिनसलेलंच आहे. म्हणून त्या चार खळ्यांकडे बघून मी मोठ्याने म्हणालो, "उपकार झाले, जाड्या! असा लांब काय बसतोस परक्यासारखा? ये, घराकडे सरकून बस."

थट्टेतच म्हणालो. थोडं थट्टेत.

दुसऱ्या दिवशी खांबापाशी वाळू सपाट होती. चार खळ्या तिथून पाच पावलं अलीकडे पडल्या होत्या.

मी माझे बूट तपासले. खोटं कशाला बोलू, या वयात माणसाचा स्वतःवरही तेवढाच भरवसा असतो जेवढा गल्लीचा माझ्यावर. बूट कोरडे होते. लव्हॉनला विचारलं तर म्हणाली, "तूच करतोस आणि तूच शोधतोस. तुझ्याएवढा मोकळा वेळ आहे कुणाला?" पण म्हणताना ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि चेहरा मात्र खूप दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखा होता.

त्या दिवसापासून लव्हॉनने मनगट मोडल्यापासून वापरायला घेतलेली काठी दाराशीच ठेवायला सुरुवात केली. जायची ती सरळ, पंचावन्न पावलं, डावं कोपर अंगापासून थोडं दूर, कुणाच्या हातात दिल्यासारखं धरून. एकदा वाऱ्याने ओली चादर तिच्या तोंडावर गुंडाळली, ती मागे झुकली, झुकतच गेली, आणि मग कुठेतरी टेकल्यासारखी थांबून पुन्हा सरळ झाली. मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी खळ्या आणखी पाच पावलं अलीकडे. मग ध्यानात आलं की नुसता दिवस उलटला म्हणून त्या सरकत नाहीत. मी आभार मानले तरच सरकतात. हे कळल्यावर मी तोंड बंद ठेवून बघितलं. पण सकाळी ती दोरीवर पांढरी चादर पसरवते, चिमटा दातात धरून, ऊन तिच्या केसांतून आरपार येतं, आणि बघणाऱ्याच्या मनात जे येतं ते काय चिमटा लावून धरता येतं? मनातल्या मनात मानलेले आभारही ऐकू जात होते. अंगठाभर अंगठाभर टपालपेटी सरकवणाऱ्याला घाई कधीच नव्हती.

मे अखेरच्या सुट्टीला जॅनेल आली तोपर्यंत मी वाळूचे तीन थर दिलेले, आणि गवत इतकं दाट नि एकसारखं उगवलेलं की फिलिसच्या नवऱ्याने त्यावर गोल्फ खेळू का म्हणून विचारलं होतं. जॅनेल चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पाणसळ मागून घेतली, चार ठिकाणी ठेवून बघितली, लेक माझीच. मग आईला म्हणाली, "तू एकटी जाऊन येशील?" लव्हॉन गेली, उशीचा एक अभ्रा वाळत घातला, आली. एकदाही खाली बघितलं नाही.

जॅनेलने डोळे पुसले. "बाबा, मला वाटलं नव्हतं तुम्ही हे एवढं मनावर घ्याल."

"मलाही वाटलं नव्हतं. मग वृद्धाश्रम?"

"राहू दे. पण ही खुर्ची गवतावर ठेवू नका, खुणा पडताहेत." घरापासून सात-आठ पावलांवर त्या चार खळ्या होत्या. "कोण बसतं इथे?"

"पाहुणे," मी म्हणालो. तिने डोळे फिरवले, लहानपणी फिरवायची तसे.

तिची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी मागच्या पायरीवर उभा राहिलो. माणसाला आयुष्यात जे मागायचं असतं ते मला मिळालं होतं. माझी बायको माझ्या घरात होती, तिची दोरी तिच्या अंगणात होती. मी टोपी काढली आणि म्हणालो. जे म्हणू नये हे ठाऊक होतं तेच म्हणालो, अगदी मनापासून, आणि त्यात थट्टा काडीचीही नव्हती.

सकाळी खळ्या पायरीशी होत्या. तीन हातांवर, दाराकडे तोंड करून. आणि त्यांच्यासमोर, पायरीला पाठ लावून, आणखी चार.

नव्या खळ्या लहान होत्या. जवळजवळ, अंगठ्याएवढ्या, आणि उथळ. खुर्ची नुसती मांडलेली, त्यावर अजून कुणी बसलेलं नाही, अशा. मी दोरीचा तुकडा घेऊन माप काढलं आणि घरात जाऊन एकेका खुर्चीला लावून पाहिलं. माझी लोखंडी बसेना. जेवणाच्या टेबलाच्या बसेनात. शिवणाच्या खोलीत खिडकीखाली लव्हॉनची अरुंद पायांची खुर्ची आहे, तिच्या आईकडून आलेली. तिला दोरी बरोबर बसली, चारी बाजूंनी.

तीन वेळा त्या खळ्या मी वाळूने भरल्या, ठोकल्या, झाडल्या. डोळ्यांदेखत काही होत नाही. मान वळवून परत बघावं तर असतात.

म्हणून मी माझी लोखंडी खुर्ची आणली, त्या लहान खळ्यांच्या बरोबर वर ठेवली, आणि बसलो. सगळं वजन टाकून बसलो. चारही पाय आत रुतले आणि खालचं ते माप मोडून गेलं. समोरच्या रिकाम्या जागेला म्हणालो, "हा काय, आलो की. बोलावणं मोडलं नाही मी. आता पाळी माझी."

समोरच्या चार खळ्यांच्या कडेची वाळू थोडी आत घसरली. एवढंच. कुणीतरी सावरून बसावं तसं.

मग दार उघडलं आणि लव्हॉन कॉफी घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते, एक माझा, आणि एक तो निळा, कानाला टवका उडालेला, जो मी फेब्रुवारीत फडताळाच्या अगदी मागे ढकलून ठेवला होता. ट्रे तिने पायरीवर ठेवला. माझ्या डोक्यावरून समोर बघून ती हसली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मर्ल, जरा बाजूला सरकून बस ना. मला बसायला जागा नको का?"

तिचा हात ऊबदार आहे. तो अजून खांद्यावरच आहे, ऊन वर आलं आहे, दोन्ही कपांतून वाफ निघते आहे, आणि त्याबद्दल मी कुणाचेही आभार मानत नाही आहे. दात घट्ट मिटून मी अंगणातली वाळू मनात ढिगाढिगाने मोजतो आहे, आणि जागचा हलत नाही.