व्यंकटरावांची थरथर

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचं फाटकं फौंडेशन आहे. नाव ऐकून लगेच इमारतीचा पाया डोळ्यांसमोर आणू नका. गॅरेजवाले मला फौंडेशन म्हणतात, शिकलेले लोक माउंटिंग म्हणतात, आणि ज्यांच्या गाडीचं इंजिन माझ्यावर बसलेलं असतं, त्यांना माझं नावच ठाऊक नसतं. दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये मूठभर रबर, एवढाच माझा देह. सध्या माझा मुक्काम रेणापूरच्या एका स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी आहे. गाडीच्या पोटातली वस्तू तिथे कशी पोहोचली, ते सांगतो. ऐकताना दार तेवढं उघडं ठेवा.

कारखान्यातल्या तापल्या साच्यात रबर आणि लोखंड एकमेकांना चिकटलं आणि माझा जन्म झाला. आम्ही तिघं भावंडं एका पांढऱ्या गाडीत बसलो. आमच्या डोक्यावर इंजिन, पायाखाली गाडीचा सांगाडा. इंजिन म्हणजे मानपानाला आलेला व्याही. सुरू झालं की त्याचा थयथयाट सुरू. तो सगळा आपल्या पोटात घालायचा आणि आत बसलेल्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे आमचं काम. असल्या कामाचं कौतुक कोण करणार? काम चांगलं झालं की ते दिसतच नाही.

तरी एकदा कौतुक झालं. गाडी घेतली ती रेणापूरच्या व्यंकटरावांनी. घरची शेती करणारा, कमी बोलणारा, हसला तर मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. नवी गाडी घेऊन ते आधी माहूरला गेले, रेणुकामातेच्या पायाशी. घाट चढून गाडी थांबली, तेव्हा मागे बसलेला त्यांचा मेहुणा म्हणाला, "दाजी, गाडी चालू हाय का बंद, कळंनाच की!" व्यंकटरावांनी उतरून बॉनेटवर हात फिरवला. ती शाबासकी मी माझ्याच नावावर लावून घेतली. पुढे मुलगा बालाजी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर व्हायला गेला, तेव्हा त्याची गादी, बादली आणि लाडवांचा डबाही आम्हीच पोहोचवला. ते दिवस सुखाचे होते.

मग व्यंकटरावांना कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरू लागला, मग डावा, मग पाय. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेताकडे गाडी काढली. शेजारी त्यांच्या पत्नी, साखराबाई. व्यंकटरावांचा थरथरता हात गियरच्या दांड्यावर आणि त्या हातावर साखराबाईंचा हात, अशी ती जोडी निघायची. हाताला आधार होता, पण क्लचवरच्या पायाला कोण धरणार? पाय सुटताना गाडीला दोन हिसके बसत, आधी एक लहान, मग एक मोठा. भाकरीवर उठलेल्या बोटांवरून ती कोणी थापली ते घरच्यांना ओळखू येतं ना, तसा मी तो हिसका ओळखायचो. त्याच हिसक्यांनी माझ्या रबरात पहिली चीर पडली. इंजिनाचा थयथयाट त्या चिरेतून हळूहळू वर झिरपायला लागला.

एका हिवाळ्यात व्यंकटराव गेले.

दहाव्याला रेणा नदीच्या काठी पिंड ठेवला. गाडी पुलाजवळच उभी होती, म्हणून हे सगळं माझ्या कानावर आहे. कावळे आले, बाभळीवर बसले आणि काही केल्या खाली येईनात. ऊन चढलं. शेत सांभाळीन म्हणून झालं, आईला अंतर देणार नाही म्हणून झालं. कावळे ढिम्म. शेवटी बालाजी रडकुंडीला येऊन म्हणाला, "आण्णा, तुमची गाडी इकत न्हाई. तिला कुनाचा हात लागू देत न्हाई. जशी हाय तशी ठिवतो!" शब्द पुरा होतो न होतो तोच कावळा उतरला.

झालं. घरामागच्या पत्र्याच्या शेडात गाडी ठेवली गेली, जशीच्या तशी. दिलेला शब्द मोठा, मित्रांनो, पण त्या शब्दाखाली मी होतो. बॉनेट कुणी उघडलं नाही. वरून तेल ठिबकत राहिलं, तेलानं रबर फुगलं, पत्र्याखालच्या उन्हानं ते भेगाळलं. इंजिन माझ्यावर कलायला लागलं, तसा सायलेन्सरचा पाइपही सांध्याशी तडकला. मला सगळं कळत होतं. पण सांगू कुणाला?

बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून गाडी सुरू करायची, एवढीच सूट होती. बालाजी नोकरीला नांदेडला, म्हणून ते काम साखराबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसायच्या, वाकून किल्ली फिरवायच्या. पहिल्याच दिवशी इंजिन सुरू झालं आणि गियरचा दांडा थरथरू लागला. त्यांनी त्यावर हात ठेवला. तीच थरथर होती.

"आवो," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी हायत व्हय हितं?"

तेवढ्यात इंजिनाचा पंखा सुरू झाला. पंखा लागला की इंजिनावर ओझं येतं आणि थरथर वाढते. पंखा थांबला की ती कमी होते. यात भुताखेताचं काही नाही. पण साखराबाईंना काय ठाऊक? दांडा जोरात हलला की 'हाव', मंदावला की 'न्हाई', असा त्यांनी हिशेब बांधला. मग त्या रोजच यायला लागल्या. लोक हसतील म्हणून शेडाचं दार लावून घ्यायच्या, झळ लागू नये म्हणून काचा वर करायच्या. तूर चांगली झाली, सांगायच्या. गुडघा दुखून राहिला, सांगायच्या. "च्या ठिवू का?" विचारायच्या आणि दांडा हलला की समाधानानं हसायच्या. आणि तडकलेल्या पाइपातून धूर आत येत राहायचा. त्यातल्या जीवघेण्या वायूला ना रंग असतो ना वास. त्यांचं डोकं चढायचं, तोंडावरची रया गेली होती.

सून आरती गावातल्याच शाळेत शिक्षिका. तिच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. शनिवारी बालाजी घरी आला तेव्हा शेडाबाहेर उभी राहून ती त्याला म्हणाली, "आत्याबाई आत बसून कोणाशी बोलतेत, ऐका जरा. आन गाडी किती हालायली बघा. मेकॅनिकला तरी दाखवा."

"शब्द देलाय मी," बालाजी म्हणाला. "कावळा शिवलेला तू बी बघितलाव की."

इंजिनियर माणूस! पण बापाच्या दहाव्याला कुणी इंजिनियर नसतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

वैशाखातली दुपार होती. गाव सामसूम. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. साखराबाई आल्या, दार लावलं, काचा वर केल्या, किल्ली फिरवली. त्या दिवशी त्या तुरीचं बोलल्या नाहीत, गुडघ्याचंही नाही. धूर साचत गेला. मग जड जिभेनं त्यांनी विचारलं, "आवो, लई कंटाळा आलाय. मी यिऊ का तुमच्याकडं?"

मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं. हलायचं नाही, काही झालं तरी हलायचं नाही, असं ठरवलं. आणि पंखा सुरू झाला.

दांडा जोरात हलला. हाव.

साखराबाई हसल्या. त्यांची मान एका बाजूला कलली. हात दांड्यावरून घसरून मांडीवर पडला. मला भीती वाटली, मित्रांनो. रबराला भीती कसली, असं म्हणू नका.

आणि मग क्लचची तार ताणली गेली.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. साखराबाईंचे पाय डावीकडे होते, तिथून क्लचपर्यंत पोहोचतील एवढे ते लांब नाहीत. तरीही तार ताणली गेली, गियर पडला, आणि मला हिसका बसला. आधी एक लहान. मग एक मोठा.

मी ओळखला. मी तो कुठेही ओळखीन.

त्या मोठ्या हिसक्यात माझे दोन तुकडे झाले. इंजिन धाडकन एका अंगावर बसलं, गाडी हातभर पुढे उसळून पत्र्याच्या दारावर आदळली आणि बंद पडली. कडी तुटली, दार सताड उघडलं. तो आवाज ऐकून आरती धावत आली. तिनं गाडीचं दार उघडून सासूबाईंना ओढत सावलीत, वाऱ्याला आणलं. शेजारणीच्या मदतीनं दवाखाना गाठला. जीव वाचला.

साखराबाई घरी आल्यावर लातूरच्या रेणापूर नाक्यावरचे मलप्पा मिस्त्री आले. मूळचे उदगीरकडचे, सगळ्या बायांना अव्वा म्हणणारे. त्यांनी नुसतं वाकून बघितलं, पहारीनं इंजिन जरासं उचललं आणि जीभ चावली. "फौंडेशन फाटलंय की! हे इंजिन नुसतं लोंबकळून राहिलं. हलून हलून पाइप तडकला, सगळा धूर आत. आजून जरा येळ गेला असता तर अव्वा हाती लागल्या नसत्या. खोलू का?"

बालाजीनं बॉनेटवर आडवा हात ठेवला. त्याच्या डोळ्यांपुढे ती बाभूळ असणार. तेव्हा ओसरीवरच्या खाटेवरून साखराबाई बोलल्या, "खोला. त्यायनी गाडी घेतली तवा ती हालत नव्हती. ती हालायली ती त्यायच्या दुखन्यानं. मान्साचं दुखनं कशाला जपून ठिवता रे?"

बालाजीनं हात काढून घेतला.

मलप्पांनी इंजिनाखाली लाकडाची फळी देऊन जॅक लावला, भार उचलून घेतला आणि माझे बोल्ट सोडले. माझ्याबरोबर माझी दोन्ही भावंडंही उतरली. एक नवं आणि दोन जुनी बसवली तर नव्याचंच मरण ओढवतं, असं मलप्पा म्हणाले. नवी तिघं बसली. पाइपही नवा आला. मग आरतीनं विचारलं, "पण मिस्त्री, गाडी गियरात कशी हो सापडली? आत्याबाई तर ह्या बाजूला होत्या."

मलप्पांनी फडक्याला हात पुसले. "फौंडेशन फाटलं, इंजिन खाली बसलं, त्यानं रॉड वढला गेला आन गियर पडला. आजून काय असनार?"

हुशार माणूस. उत्तरही पटण्यासारखं. फक्त क्रम उलटा आहे. आधी हिसका बसला, मग मी फाटलो. हे मला एकट्याला ठाऊक आहे. पंखा 'हाव' म्हणाला होता. 'न्हाई' कोण म्हणालं?

गाडी सुरू केली. साखराबाई काठी टेकत आल्या, डाव्या सीटवर बसल्या, दांड्यावर हात ठेवला. दांडा गप्प. शेडाचं दार उघडं, काचा खाली, बाहेर चिमण्यांचा आवाज. कितीतरी वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. डोळे भरून आले. "आता त्ये निवांत झाले," एवढंच म्हणाल्या. मलप्पांनी मला भंगाराच्या पोत्यात टाकलं होतं. साखराबाईंनी मला मागून घेतलं, पदरानं तेल पुसलं आणि घरात आणलं.

तेव्हापासून मी या कट्ट्यावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरची गाडी उभ्या उभ्या थरथरली, गियर टाकताना खालून ठक्क वाजलं, तर नवस बोलू नका आणि शब्दात अडकू नका. वाकून खाली बघा. माझ्यासारख्या एखाद्याच्या अंगावर तेल गळतंय का, रबराला भेग पडली आहे का, कोणाकडून तरी तपासून घ्या. बंद जागेत गाडी कधीच सुरू ठेवू नका. गेलेल्या माणसाची वस्तू जपायची तर ती धडधाकट जपावी.

आता माझ्या डोक्यावर इंजिन नाही, खाली गाडी नाही. दोन तुकड्यांत मी अगदी स्वस्थ पडलेलो असतो. पण परवा दुपारी गाव असंच सामसूम असताना साखराबाई चुलीपाशी आल्या, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "च्या ठिवू का?" आणि शेजारच्या साखरेच्या डब्याचं झाकण किणकिणलं. मी थरथरत होतो. जोरात.

साखराबाईंनी वळून पाहिलं नाही. दोन कप काढले आणि पाणी ठेवलं.

'यिऊ का' हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.