बटणवाल्या आजीच्या काखेतली पहारेकरीण

या मित्रांनो, जरा सरकून बसा. आज तुम्हाला अशा म्हातारीची गोष्ट सांगते, जिच्यासारख्या हजारो जणी टाचणीच्या डोक्यावर आरामात मावतील.

मी एक जुनी पेशी आहे. रक्तातली, पांढरी. मुक्काम एका आजीच्या काखेतल्या गाठीत. अशा गाठी सगळ्यांच्याच अंगात असतात, आमच्या चौक्याच त्या. या आजीचं बटणांचं दुकान आहे. गिऱ्हाईक शर्ट पुढे करतं, "याच्या जोडीचं एक द्या." आजी डबेच्या डबे उपसते, तेव्हा कुठे एक बरोब्बर जुळतं. आमचंही तसंच आहे बघा. शरीर आमच्यासारख्या लाखो पेशी घडवून ठेवतं, प्रत्येकीचा साचा वेगळा. कुठला जंतू येणार हे कुणालाच ठाऊक नसतं. बऱ्याच जणी वाट बघून बघूनच मरतात.

माझं नशीब उघडलं तेव्हा आजी सहा वर्षांची होती. गोवर आला, आणि त्याचा जंतू माझ्या साच्यात फिट्ट बसला! मग एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी आमची फौज वाढली. आम्ही चिकट प्रथिनं सोडली. ती जंतूच्या अंगाला चिकटली की त्याला कुठल्या पेशीत शिरताच येईना. पण गोवर महा-वाईट. जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या माझ्या कितीतरी शेजारणी त्याने खाल्ल्या. त्या गेल्या, त्यांच्या आठवणी गेल्या, आणि ती पोर पुढं वर्षभर आजारीच.

फौज पांगली. आठवण ठेवायला मी उरले. साठ वर्षं हाताला काम नाही. सर्दीवाल्या पेशी टोमणे मारायच्या, "काय गं, नुसती बसून खातेस?"

"तुमचा पाहुणा येतो दर दोन महिन्यांनी. माझा आला ना, तर पळता भुई थोडी होईल!" मी तोऱ्यात म्हणायचे. आतून मात्र धाकधूक. इतक्या वर्षांनी मला तो ओळखू येईल का?

आणि एक दिवस आजीच्या तीन वर्षांच्या नातीला ताप भरला. अंगभर लाल पुरळ.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोवराची लस?"

आजी खाली बघत म्हणाली, "राहिली."

"राहिली म्हणजे?"

"सून म्हणायची पुढच्या आठवड्यात नेऊ, मी म्हणायचे दुकान कोण बघणार. राहिली, बाई. चुकलंच आमचं."

सून आठ महिन्यांची गरोदर, पंधरा दिवसांपासून बहिणीकडे. तिला ना कधी गोवर आलेला, ना लस मिळालेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "तिने इकडे फिरकायचंसुद्धा नाही. ज्याला गोवर येऊन गेलाय, त्यानेच पोरीजवळ बसायचं."

"मग मीच की," आजी म्हणाली.

फोनवर सून रडायला लागली. "आई, तुमचं वय बघा हो!"

"वय बघायला आरसा आहे माझ्याकडे. तू पोटातल्याकडे बघ."

ऐकून माझी बोबडी वळली. आजीची सगळी भिस्त माझ्यावर! मी चुकले तर आजी आडवी पडणार. मग त्या पोरीला घोट घोट पाणी कोण पाजणार?

दुसऱ्याच दिवशी पोर आजीच्या तोंडावर खोकली. जंतू आत शिरला, वाहत वाहत माझ्या गाठीत आला. मी हात लावून बघितला. तोच! अगदी तोच! पहिल्या वेळी फौज उभी करायला दीड-दोन आठवडे लागले होते, या खेपेला थोड्याच दिवसांत काम फत्ते. आजीला साधी कणकणसुद्धा नाही. तिला तर कळलंही नाही की आत लढाई झाली.

दहाव्या दिवशी पोर उठून बसली. "आजी, भूक लागली." आजी आधी रडली, मग ओरडली, "अगं मग आधी नाही का सांगायचं, ढमे!"

पण मित्रांनो, त्या पोरीच्या अंगातल्या किती शेजारणी गेल्या असतील, ते मला विचारू नका. आता काही महिने तिला जपायला हवं. लस वेळेवर टोचली असती, तर तिच्या पेशींना चोराची ओळख आधीच पटली असती, आजारी न पडता.

म्हणून एकच मागणं आहे. घरी गेलात की तुमचं लशींचं कार्ड शोधून काढा. एखादी जागा कोरी दिसली, तर मोठ्या माणसाला बोट लावून दाखवा, आणि पुढच्या आठवड्याचं नाव काढलं तर ऐकू नका.