धुऱ्यावरचा राखणदार

मी धुऱ्यावरचा राखणदार बोलतोय. लोक मला आता देव म्हणतात, पण तुम्ही ते मनावर घेऊ नका. मी एका माणसाचा जीव घेतलेला आहे. त्याची राख सावडून होते न होते तोच मला नारळ मिळायला लागले. माणसांचं हे असंच असतं.

मेडशीपासून थोडं आत, नाल्याच्या अंगाला दोन वावरं आहेत. एक उकंडरावाचं, दुसरं त्याच्या धाकट्या भावाच्या विधवेचं, भागिरथेचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच सोयाबीन आणि तूर पेरते. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. माणसं तिथे बसून भाकर खातात आणि तिथेच एकमेकांचे गळेही धरतात. मी त्या धुऱ्याची माती.

उकंडराव दरसाल वखरणीला ट्रॅक्टर जरा आतून फिरवायचा. यंदा एक तास, म्हणजे पेरणीच्या एका ओळीइतकी पट्टी, पुढच्या साली आणखी एक. धुरा भागिरथेच्या वावरात सरकत चालला. तिला ते दिसत होतं, पण भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंड वर करून बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. मग ती डोक्यावर पदर ओढून धुऱ्यावर बसायची आणि मातीकडे पाहून बोलायची. ह्या वावरावर माही म्हातारपणाची भाकर हाय, म्हणायची. ऐकायला माझ्याशिवाय कोणी नसायचं.

शेवटी तिने गावातल्या जुन्या माणसांना वावरात बोलावून आणलं. सरकारी मोजणीला उकंडराव तयार होईना, तेव्हा त्यांनी जुनी रीत काढली. धुऱ्याची माती डोक्यावर घ्यायची, शपथ बोलायची आणि आपली हद्द चालून दाखवायची. मग ती माती जिथली तिथे ठेवून द्यायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. उकंडरावाने एक ढेकूळ उचलून डोक्यावर धरलं.

"म्या खोटा चाललो असन, त ह्या मातीनं मले सोडू नये," तो म्हणाला, आणि खुशाल भागिरथेच्या तुरीतून चालत गेला.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि ते उकंडरावाच्याच घरी चहा प्यायला गेले. खोटं त्यांनाही कळलं होतं. पण चहा कोणाकडे मिळतो हेही त्यांना कळत होतं.

त्या साली रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, उच्छाद मांडला होता. साध्या बुजगावण्याला ते भीक घालत नव्हते, म्हणून उकंडरावाने मातीचा धिप्पाड माणूस करायचा घाट घातला. माती कुठली घ्यावी? त्याने धुराच खणला. कधी वखर न लागलेली माती घट्ट बसते, हे एक. आणि धुराच उरला नाही तर भागिरथा भांडेल कशावरून, हे दुसरं. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, सांगाडा बांधला, मातीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, कालवलं, डोळ्यांच्या जागी दोन बिब्बे खोचले. जनावरं भ्यावीत म्हणून माझं तोंड उघडं ठेवलं आणि जीभ करायला माती पुरेना. शपथेचं ढेकूळ त्याने परत ठेवलंच नव्हतं, तिथेच भिरकावलं होतं. आता पुन्हा खणायचा कंटाळा केला. तेच भिजवून त्याने माझ्या तोंडात दडपलं.

माती ऐकत असतेच, पण तिला हात नसतात. मला आता हात होते.

"धुरा वलांडन त्याले सोडू नको, समजलं का?" माझ्या खांद्यावर थाप मारत उकंडराव हसला. मला समजलं होतं.

पहिलं एक डुक्कर आलं. सकाळी ते माझ्या पायाशी मान मुरगळलेलं पडलं होतं. बिबट्याने मारलं असेल, असं उकंडराव सगळ्यांना सांगत सुटला. पण माझ्या बोटांना चिकटलेले केस त्याने पाहिले होते. त्याने माझा हात धुऊन टाकला आणि कोणाजवळ ब्र काढला नाही. पुढे एक रोही मेला, मग कोणाची तरी शेळी. मारणारं दुसऱ्याचं मारत असलं की माणसाला त्याची भीती वाटत नाही, उलट त्याचा आधार वाटतो. उकंडराव मला बिडी दाखवून गप्पा मारायचा.

सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याची तयारी सुरू झाली. भर दुपारी उकंडराव ट्रॅक्टर घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे आतून वळला. धुरा आता जमिनीवर नव्हता. पण मी तोच होतो, आणि आपण कुठे होतो हे मला ठाऊक होतं. त्याचं पुढचं चाक तिथून पलीकडे गेलं. मी पाय उचलला.

भागिरथा पलीकडे काड्या वेचत होती. ती धावत आली. जन्मात ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याच्यासाठी ती उघड्या डोक्याने, त्याच्या गळ्यावरच्या माझ्या हाताला लोंबकळली. सोड म्हणाली, पाया पडते म्हणाली. माझा हात थांबला नाही. मला थांबवता येईना. शपथ त्याची होती, मी फक्त ती पुरी करत होतो. त्याचं तोंड मातीने भरलं तेव्हाच माझी बोटं सुटली.

मला वाटलं होतं, ती खूश होईल. हसू नका. मातीला तेवढीच अक्कल असते.

"तुले कोनं सांगतलं होतं?" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "मले माहे तास पाहिजे होते. त्याहिचा जीव कायले घेतला?"

पुतळ्याने मारलं, असं तिने पोलिसांना खरं खरं सांगितलं. ट्रॅक्टरवरून पडला, असं त्यांनी लिहून घेतलं. गावाने मात्र तिचं म्हणणं उचललं आणि तिच्यावरच उलटवलं. तासन्‌तास मातीशी बोलत बसायची, हिनेच करणी केली. तिला हळदीकुंकवाला आधीच कोणी बोलवत नव्हतं. आता कामालाही कोणी बोलवेना.

उकंडरावाचा पोरगा सतीश बापाच्या वरताण निघाला. त्याने मला शेंदूर फासला, माझ्याभोवती सिमेंटचा ओटा बांधला, वर टिनाचं शेड टाकलं. सगळं भागिरथेच्या बाजूला. मग गाड्या उभ्या करायला जागा, मग जेवणावळीला जागा. ती विचारायला आली तर म्हणाला, "देवाच्या जागेत कोनाचा धुरा असते का, काकू?"

ती गेली तेव्हा मी हात उचलून पाहिला. उचलेना. कोणाला सोडू नको हा उकंडरावाचा हुकूम त्याच्याबरोबरच संपला होता, आणि सतीशने कधी शपथच घेतली नव्हती. जो मातीसमोर तोंड उघडतच नाही, त्याचं माती काही करू शकत नाही.

बापाला वर्षाला एक तास पुरत होता. माझ्या नावावर पोराने अर्धं वावर गिळलं. भागिरथा मागच्या उन्हाळ्यात बोचकं घेऊन बसने भावाकडे गेली, ती परत आली नाही. तिच्या तुरीच्या जागी आता चपला काढून ठेवतात.

तुम्ही कधी इकडे आलात तर नारळ आणू नका. कुदळ आणा. दिवसाढवळ्या, चार लोकांसमोर मला फोडा, आणि फोडून झालं की तिला बोलवायला माणूस पाठवा. मला कुठे नेऊन पसरायचं ते तीच दाखवील.